जिप्सी लिफ्ट केल्यापासून ५०च्या पुढं घुमतीये आणि थरथरतीये, इंजिन खोलू का?

पन्हाळ्याची वाट:
नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला सल्ला देता यायचा नाही. गाडी जिप्सी, १३०० सीसी एमपीएफआय पेट्रोल, मी चौथा मालक. दिवाळीनंतर पाटे (स्प्रिंग) ॲक्सलच्या वर घेऊन गाडी उंच, म्हणजे लिफ्ट केली, २३५/७५ आर १५ चे मड टायर टाकले, पुढं लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढायचं यंत्र), आणि सायलेन्सरचा पाइपही नवीन बनवून घेतला. पहिले दोन महिने काही त्रास नव्हता. आता ४५-५०ला थरथर सुरू होते, ६०ला ट्रान्सफरचा (फोर बाय फोर टाकायचा) लिव्हर हातात धरला तर मुंग्या येतात, आणि खालून घूंऽऽ असा आवाज येतो की शेजारी बसलेल्याशी ओरडून बोलावं लागतं. ॲक्सिलरेटर सोडला की घूं कमी होतं पण मग खडखड. शिवाय सकाळी थंड इंजिनला टकटक येते, गाडी पाचेक मिनिटं चालली की ती जाते.
इथल्या मिस्त्रीनं बॉनेट उघडून दोनदा रेस दिली आणि म्हणाला क्रँकचं बेअरिंग गेलंय, इंजिन उतरवायला लागेल, चाळीस हजाराच्या खाली काम होणार नाही. पैसे उभे करीन हो, पण खोलायला मन होत नाही, ऑइल खात नाही, धूर नाही, पिकअप चांगला आहे. पुढच्या महिन्यात गगनबावड्याकडं ग्रुपबरोबर जायचंय. खोलू का नको? कोल्हापूर-सांगलीत कोण चांगला जाणकार असेल तर तेही सांगा.

ताम्हिणीकर:
भाऊ, इंजिनला अजून हात लावू नका. आवाज कुठून येतो हे नंतर, आधी तो कशाच्या मागं जातो ते बघायचं, इंजिनच्या फिरण्यामागं का गाडीच्या स्पीडमागं का लोडमागं. एवढं कळलं की निम्मं काम झालं, आणि त्याला एक रुपया लागत नाही.
गाडी उभी करून न्यूट्रलला हळूहळू रेस वाढवत न्या, तुमच्या गाडीचं ६०ला चौथ्या गिअरमध्ये इंजिन साधारण अडीच हजाराच्या आसपास फिरत असणार, तिथं दहा-पंधरा सेकंद धरून ठेवा. थरथर आली नाही तर इंजिन बऱ्यापैकी सुटलं. मग मोकळा सरळ रस्ता बघून ६०ला न्या आणि क्लच दाबून गाडी नुसती वाहू द्या, इंजिन आयडलला येईल (चावी बंद करायची नाही, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं आणि ब्रेकही जड होतो). थरथर तशीच राहिली तर इंजिनचा संबंधच नाही, कारण ते त्या वेळी ८००-९००वर शांत फिरतंय. तिसरं म्हणजे तेच ६० एकदा चौथ्यात आणि एकदा पाचव्यात. गिअर बदलून आवाज बदलला तर इंजिन, क्लच, गिअरबॉक्सकडं बघा, नाही बदलला तर मागं चला.
जिप्सीत अजून एक सोय आहे. ट्रान्सफर केस, म्हणजे ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडं वाटणारी पेटी, गिअरबॉक्सला चिकटलेली नाही, वेगळी टांगलेली आहे आणि मध्ये एक छोटा शाफ्ट आहे. ट्रान्सफरचा लिव्हर न्यूट्रलला टाकून गिअर टाकलात तर गिअरबॉक्स आणि तो छोटा शाफ्ट फिरतो, गाडी जागेवर. म्हणजे तेवढाच भाग सुटा तपासता येतो. फक्त चारही चाकांना पुढून-मागून दगड लावा, ट्रान्सफर न्यूट्रलला असताना गिअर गाडीला धरून ठेवत नाही, आणि त्या वेळी गाडीखाली कुणी जायचं नाही.

चिखलवाट:
टायर आधी बघा राव. रिमच्या आतल्या बाजूला चिखल वाळून बसला असेल तर एवढ्या मोठ्या टायरला पाव किलोसुद्धा खूप होतो. माझ्या गाडीत मी बेअरिंग बदलून बसलो होतो आणि शेवटी प्रेशर वॉशरनं आतून धुतल्यावर गेलं. मड टायरचा घूं तर असतोच, पण तो डांबरी रस्ता बदलला की बदलतो, ते कान देऊन ऐका.

नाशिकची जिप्सी:
टायरबद्दल खरं आहे पण लिव्हरला मुंग्या येणं मला टायरचं वाटत नाही. मीही जिप्सीच चालवते, २०११ची. आकडा काढून बघा, सोपा आहे. २३५/७५ आर १५चा घेर साधारण २.३ मीटर, म्हणजे ६०ला चाक सेकंदाला सातेक वेळा फिरतं. टायर खराब असेल तर सेकंदाला सात हेलकावे, ते स्टिअरिंगला आणि ढुंगणाला कळतात, धबधब धबधब असे. प्रॉपेलर शाफ्ट (ट्रान्सफरपासून ॲक्सलपर्यंत ताकद नेणारा दांडा) त्याच्या चारेक पट, म्हणजे २८-२९. आणि क्रॉसच्या (शाफ्टच्या टोकाच्या वळत्या सांध्याच्या) अँगलमुळे येणारी थरथर त्याच्या दुप्पट, पन्नाशीच्या पुढं, ती गुणगुणल्यासारखी असते, मुंग्या त्यानंच येतात. मोबाइलवर व्हायब्रेशन मोजायची फुकट ॲप मिळतात, फोन ट्रान्सफरच्या लिव्हरशेजारी जमिनीवर टेपनं चिकटवा आणि ४५लाच मोजा, कारण बऱ्याच फोनचा सेन्सर पन्नासच्या वर नीट दाखवत नाही. ४५ला आलेखाचं शिखर सेकंदाला पाचेकवर आलं तर टायर, एकवीस-बावीसवर आलं तर शाफ्टचा बॅलन्स, त्रेचाळीसच्या आसपास आलं तर क्रॉस आणि अँगल.
आणि टकटक वेगळी धरा, दोन्ही आजार एकत्र करू नका. तोच घोटाळा होतो, सकाळची टकटक ऐकून मिस्त्री बेअरिंग म्हणतो आणि थरथरही त्याच खात्यात जाते. खरंच कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलं असेल तर गरम झाल्यावर ऑइल पातळ होऊन आवाज वाढतो, कमी होत नाही. तरी खात्री करायची असेल तर इंजिन चालू असताना एकेका सिलिंडरच्या इंजेक्टरचं कनेक्टर काढून बघा, ठोका एका सिलिंडरला एकदम मऊ पडला तर तिथं बघायचं.

पन्हाळ्याची वाट:
ताई, दादा, मनापासून आभार. काल संध्याकाळी वाठारच्या पुढं मोकळ्या रस्त्यावर सगळं करून बघितलं. उभ्या गाडीला २५००ला काही नाही. क्लच दाबल्यावर थरथर तशीच. चौथ्यात-पाचव्यात काही फरक नाही. ट्रान्सफर न्यूट्रलला ठेवून तिसरा टाकला, एकदम शांत. ॲपवर ४५ला मोठं शिखर ४२-४४च्या मध्ये, पाचवर लहानसं. टायर धुतले, त्यानं स्टिअरिंगचं थोडं कमी झालं पण मुंग्या आहेतच.
खालून मागच्या शाफ्टचे फोटो टाकलेत. क्रॉस हातानं हलवून बघितले, ढिले वाटत नाहीत.

लेथवाले काका:
बाळा, फोटो मोठा करून बघितला. तुझा शाफ्ट चुकीचा जोडलाय. शाफ्टच्या दोन टोकांना जे कान आहेत, क्रॉस ज्यात बसतो ते, ते दोन्ही टोकांचे एका रेषेत पाहिजेत. तुझ्या पुढच्या टोकाचे आडवे आहेत आणि मागच्या टोकाचे तिरपे. सरकत्या सांध्यावर खुणा असतात त्याही जुळलेल्या नाहीत. कुणीतरी शाफ्ट काढून दोन तुकडे वेगळे केले आणि बसवताना दाते चुकवले.
हे का महत्त्वाचं ते सांगतो, मी तीस वर्षं लेथवर शाफ्टच बनवले. एक क्रॉस अँगलमध्ये फिरला की पुढचा भाग एकसारखा फिरत नाही, एका फेऱ्यात दोनदा पुढं पळतो आणि दोनदा मागं रेंगाळतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस नेमकं उलटं करतो आणि हिशोब शून्य होतो, म्हणून तर दोन क्रॉस असतात. पण त्यासाठी कान एका रेषेत पाहिजेत आणि दोन्हीकडचा अँगल सारखा पाहिजे. कान चुकले की एकमेकाला मारण्याऐवजी दोघं मिळून ढकलतात. मूळ उंचीला अँगल कमी असतो तेव्हा चूक असली तरी जाणवत नाही, लिफ्ट केल्यावर तीच चूक बोंबलते.
आधी ते नीट कर. फ्लँजचे (टोकाच्या चकतीचे) चार-चार बोल्ट आहेत, शाफ्ट अख्खा निघतो, ट्रान्सफरचं ऑइल सांडत नाही. काढायच्या आधी फ्लँजवरही खडूनं खूण कर. मग अँगल मोज. लोहचुंबकाचा अँगल गेज मिळतो, नाहीतर फोन सपाट टेकवूनही चालतं, पण गाडी चाकांवर उभी पाहिजे, जॅकवर लोंबकळत नको, नाहीतर पाटे मोकळे होऊन खोटा आकडा येईल. ट्रान्सफरचा मागचा फ्लँज आणि डिफरन्शियलचा पिनियन (मागच्या ॲक्सलचं टोक, ज्याला शाफ्ट जोडतो), या दोघांचे आकडे इथं लिही.

चिखलवाट:
काका, पाटे वर घेताना ॲक्सलवर नवीन बैठकी (पाटा टेकायच्या जागा) वेल्ड करतात ना, मग अँगल वेल्डरच्या हातातच आला की.

लेथवाले काका:
अगदी तसंच. तिथं एका अंशाची चूक आयुष्यभर राहते. आणि पाटे वर घेतलेल्या गाडीत ॲक्सल पिळवटतोही जास्त, पिकअप दिला की पिनियनचं नाक वर येतं. म्हणून उभ्या गाडीत ते एखादा अंश खालीच ठेवावं.

ताम्हिणीकर:
आणि भाऊ तोपर्यंत हायवेला जाऊ नका. सतत असा मार खाल्लेला क्रॉस सांगून तुटत नाही. मागचा सुटला तर जमिनीवर आपटत ओढला जातो आणि पेट्रोलची टाकीही मागंच आहे, पुढचा सुटून रस्त्यात रुतला तर त्याहून वाईट. शाफ्टखाली लोखंडी पट्टीचं कडं बसवून घ्या.

पन्हाळ्याची वाट:
काका, तुमचा फोटोवरचा अंदाज वाचला आणि आठवलं. जानेवारीत ओढ्यातून आल्यावर क्रॉसमध्ये पाणी जाऊन कुरकुर व्हायला लागली होती, तेव्हा रस्त्यावरच्या एका गॅरेजात क्रॉस बदलले. आवाज त्यानंतरच सुरू झाला, पण मी त्याचा संबंध लावलाच नव्हता.
रविवारी मित्राला घेऊन शाफ्ट काढला, दाते जुळवून बसवला, ग्रीस भरलं. ६०ची थरथर निम्म्याहून कमी झाली! पण ६५च्या पुढं अजून गुणगुण आहे. आकडे: ट्रान्सफरचा फ्लँज ४ अंश खाली बघतोय, पिनियन ८ अंश वर.

लेथवाले काका:
चार अंशांचा फरक आहे. पाटा आणि बैठकीच्या मध्ये चार अंशांची पाचर टाक, दोन्ही बाजूंना, जाड बाजू पुढं, म्हणजे पिनियनचं नाक खाली येईल. पाचर लोखंडीच घे, ॲल्युमिनियमची चिरडते. पाट्याचा सेंटर बोल्ट लांब लागेल, त्याची टोपी बैठकीच्या भोकात पूर्ण बसली पाहिजे, नाहीतर ॲक्सल सरकतो. यू बोल्ट नवीन टाक आणि शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळ.

नाशिकची जिप्सी:
खाली जाताच आहात तर ट्रान्सफर केसचे रबरही बघा, तीन जागी टांगलेली असते. टॉमीनं (लोखंडी पहारीनं) हलकं वर उचलायचं, रबर फाटलं असेल तर चीर उघडताना दिसते. आणि इंजिनचं फाउंडेशन (इंजिन ज्यावर बसतं ती रबरं) बघायचं तर बॉनेट उघडून कुणालातरी हँडब्रेकवर, ब्रेक दाबून, पहिल्या गिअरमध्ये क्लच जरासा सोडायला सांगा आणि बाजूला उभं राहून बघा, इंजिन एका बाजूनं उसळलं तर फाउंडेशन गेलंय. गाडीसमोर मात्र कुणी उभं राहू नका.
टकटकीसाठी सकाळी थंड असतानाच एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (सिलिंडरचा धूर सायलेन्सरच्या पाइपात नेणारा भाग) साबणाचं पाणी ब्रशनं लावून स्टार्ट करा, गळती असेल तर बुडबुडे येतील.

शाफ्ट आणि शॉकअप:
थोडं वेगळं, पण लिफ्ट आणि बंपर कागदावर घेतलंय का? सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये सांगितलंय की कंपनीच्या मूळ रचनेत फरक पडेल असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली चालत नाही. क्लेम करायची वेळ आली तर इन्शुरन्सवाले पहिलं तेच धरतील. आधी आरटीओत विचारून घ्या.

पन्हाळ्याची वाट:
बरोबर आहे दादा, सोमवारी जातोय आरटीओत.
आता बाकीचं सांगतो, कारण पुढं कुणाला हाच त्रास झाला तर पूर्ण हकीकत मिळावी. ट्रान्सफरचं उजव्या बाजूचं रबर अर्धं फाटलेलं निघालं, टॉमी लावली तशी चीर तोंडासारखी उघडली, आतला भाग ऑइलनं फुगून मऊ लिबलिबीत झालेला. ॲक्सिलरेटर सोडल्यावरची खडखड त्याचीच होती. तिन्ही बदलले. पाचर लेथवर करून घेतली, आता पिनियन ४ अंश वर आहे, काका तुम्ही म्हणालात तसा एखादा अंश खाली ठेवायला पाच अंशांची पाचर लागली असती, ती पुढच्या खेपेला.
टकटकीचं तर डोळ्यांनी दिसलं. सकाळी सहाला फोनचा टॉर्च मारून साबणाचं पाणी लावलं आणि स्टार्ट केली तर तिसऱ्या सिलिंडरच्या पोर्टखाली टकटकीच्या तालावर बुडबुडे. पुसल्यावर तिथं तव्याच्या बुडासारखी काळी काजळी, पंख्यासारखी पसरलेली. नवीन पाइप बनवणाऱ्यानं मध्ये आधारच दिला नव्हता, सगळा पाइप मॅनिफोल्डला लटकून होता, त्यानं गॅस्केट उडालं. गरम झाल्यावर लोखंड फुगून फट बुजायची म्हणून आवाज जायचा. गॅस्केट बदललं आणि पाइपला रबरी हँगर लावला.
सगळं मिळून साडेसहा हजार गेले. काल गाडी ७५पर्यंत नेली, लिव्हर हातात धरला, मुंग्या नाहीत. ४५ला ॲपवर त्रेचाळीसचं शिखर जवळजवळ जमिनीला टेकलंय, आधीचा आणि आताचा आलेख दोन्ही खाली टाकलेत.

लेथवाले काका:
आलेख बघितला, छान. आता पाच अंशांची पाचर करशील तेव्हा मला बैठकीची रुंदी मोजून पाठव, मी करून ठेवतो, कोल्हापूरला महिन्यातून एकदा येणं असतंच. आणि पुढचा शाफ्टही एकदा काढून बघ, क्रॉस बदलले तेव्हा तोही उघडला असेल. फोर बाय फोर टाकल्याशिवाय तो बोलणार नाही, आणि तू गगनबावड्याला नेमका तोच वापरणार आहेस.

पन्हाळ्याची वाट:
काका आत्ताच गाडीखालून आलो. पुढचाही एक दाता चुकलाय. उद्या काढतो.