पार्किंगमधला बॉल आणि 'न्यूसन्स' शब्द

सेक्रेटरी: नमस्कार. दुपारी पार्किंगमध्ये बॉल खेळणाऱ्या मुलांबद्दल बोर्डावर नोटीस लावली आहे. 'न्यूसन्स करणाऱ्या मुलांच्या पालकांना लेखी पत्र दिले जाईल.' नोंद घ्यावी.

ए-१०४: काका, नोंद घेतली. पण माझ्या सात वर्षांच्या मुलीने ती वाचली आणि विचारलं, "आई, न्यूसन्स म्हणजे काय गं? मी आहे का?" मला उत्तर देता येईना. फार लागलं मनाला.

सेक्रेटरी: अहो ताई, इंग्रजीत न्यूसन्स म्हणजे बारीकसा त्रास. डास न्यूसन्स, ऐन निघताना आलेला पाऊसही न्यूसन्स. शिवी नाही ती.

डी-४०२: मग आपण 'तो माणूस म्हणजे न्यूसन्स आहे' म्हणतो ते काय कौतुकाने?

सी-३०१: मी बोलू का? कोर्टात भाषांतराचं काम केलंय, हा शब्द शेकडो वेळा हाताखालून गेला. सेक्रेटरीसाहेब, रोजच्या इंग्रजीतला अर्थ तुम्ही बरोबर सांगितलात. 'व्हॉट अ न्यूसन्स' म्हणजे 'काय कटकट आहे', एवढंच. पण शब्दाचं मूळ हलकं नाही. लॅटिनमध्ये 'नोकेरे' म्हणजे इजा करणे, तिथून फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला आणि आधी अर्थ होता अपाय, नुकसान. बोलण्यात तो पुढे सौम्य झाला, कायद्यात मात्र वजन टिकून राहिलं. १८६० च्या दंडसंहितेत कलम २६८ सार्वजनिक उपद्रवाचं होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात ते कलम २७० आहे. म्हणजे तुम्ही लिहिलं डासाच्या अर्थाने, पण 'लेखी पत्र' शेजारी आल्यावर वाचणाऱ्याला ते कलमासारखं वाटलं.

ए-१०४: काकू, अगदी हेच झालं.

डी-४०२: आमच्या लहानपणी सरकारी भिंतींवर 'कमिट नो न्यूसन्स' लिहिलेलं असायचं. त्याचा अर्थ फक्त 'इथे लघवी करू नका'. आमच्या पिढीच्या डोक्यात तेच बसलंय.

सी-३०१: हो, तीही पाटी होतीच. आणि निवडणूक आली की पेपरात 'उपद्रवमूल्य' येतं, ते 'न्यूसन्स व्हॅल्यू'चंच मराठी. मराठीत हा शब्द माणसाला चिकटला की डाग होऊन चिकटतो. लेकराला तो लावू नये असं मला मनापासून वाटतं. 'इनोसंट' हा शब्दसुद्धा त्याच 'नोकेरे'तून आलाय, जो इजा करत नाही तो.

सेक्रेटरी: काकू, पण सोसायटीच्या उपविधीत हाच शब्द आहे. न्यूसन्स, अनॉयन्स, इनकन्व्हिनियन्स असे तीन ओळीने दिलेत. मी तिथूनच उचलला.

सी-३०१: उपविधीत असू दे. तिथे सगळे प्रकार कवेत घ्यायचे असतात, म्हणून तीन शब्द. आणि तिथे सदस्याने काय करू नये ते सांगितलंय, कुणाला नाव ठेवलेलं नाही. आपल्या नोटिशीला एकच गोष्ट सांगायची आहे. ती नक्की काय आहे? तक्रार कुणाची होती?

बी-२०३: माझी. काल बोलणार होतो, राहून गेलं. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुपारी दोन ते चार पडतात. बॉल शटरवर आदळला की दचकून उठतात. मुलांवर राग नाही हो माझा, माझीही तिथेच खेळून मोठी झाली.

ए-१०४: अहो दादा, हे आधी कळलं असतं तर आम्हीच थांबवलं असतं मुलांना!

सी-३०१: बघा, मराठीत नेमका शब्द आहे: झोपमोड. पाणी गेलं तर गैरसोय, लिफ्ट अडकली तर खोळंबा, ड्रिलचा आवाज म्हणजे कटकट. इतके शब्द घरात असताना एका 'न्यूसन्स'वर का भागवायचं?

सेक्रेटरी: पटलं. असं लिहितो: 'दुपारी २ ते ४ या वेळेत पार्किंगमध्ये बॉल खेळू नये. खालच्या मजल्यांवर आजारी व वयस्कर व्यक्तींची झोपमोड होते.' पत्राची ओळ काढतो. ताई, मुलीला सांगा, काकांनी चुकीचा शब्द लिहिला होता.

ए-१०४: सांगते काका. ती विचारतेय, चार म्हणजे चार वाजताच की साडेचार?

बी-२०३: चार. बाबांचा चहाच चारला असतो.