निवृत्तीचा पैसा सोन्या-चांदीत टाकावा का?

काळी_कसदार (दारव्हा)
मे अखेरीस जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालो, वय ५८. ग्रॅच्युइटी आणि भविष्य निर्वाह निधी धरून २२ लाख हाती आले. निम्म्याच्या चोख सोन्याच्या वेढणी (साधी वळी) घ्यायच्या आणि तीनेक लाखांची खामगावहून चांदी आणायची, असं ठरवलंय. पोरगा चिडलाय.

त्याला काय जातं चिडायला? आमच्याकडची पतसंस्था बुडाली तेव्हा माझे तीन लाख गेले. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला नसतो, हे तेव्हा कळलं. आईची सोन्याची एकदाणी मात्र दोनदा गहाण पडली, दोनदा सुटली, अजून घरात आहे. आणि २०१५ च्या नोव्हेंबरातले सरकारी सुवर्णरोखे पहा. घेताना २,६८४ रुपये ग्रॅम, आठ वर्षांनी परत मिळाले ६,१३२. कोणती एफडी देते इतकं?

वऱ्हाडी_गडी
गुरुजी, दाखला देता रोख्याचा अन् घेता वेढणी! त्या रोख्यावर वरून पावणेतीन टक्के व्याज भेटे. वेढणीवर काय भेटते? घेतानीच तीन टक्के जीएसटी, इकतानी तो कोनी वापस देत नाही. अन् २०२४ च्या फेब्रुवारीनंतर सरकारनं नवे रोखे काढलेच नाही. त्या गाडीत आता जागा नाही बाप्पा.

पोस्टातली_ताई
चांदी नंतर. आधी तारीख पहा. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एरवी वयाची साठी लागते. पण ५५ नंतर निवृत्त झालेल्याला निवृत्तीची रक्कम हाती आल्यापासून तीन महिन्यांत खातं उघडता येतं. ती मुदत गेली की तुम्हाला साठीपर्यंत थांबावं लागेल. व्याज ८.२ टक्के, मर्यादा ३० लाख. १५ लाख ठेवलेत तर दर तिमाहीला ३०,७५० रुपये येतील. सराफाकडे ही घाई नाही, सोनं पुढच्या वर्षीही मिळेल.

काळी_कसदार
तीन महिन्यांचं खरंच माहीत नव्हतं. पण ताई, मला दर महिन्याला पेन्शन पडते. व्याजाची गरजच काय?

जिनिंगवाल्याची_बायको
तुम्ही २००५ च्या आधी लागलेले, जुनी पेन्शन मिळते, म्हणून असं बोलू शकता भाऊ. आमच्या ह्यांची नोकरी कापसाच्या जिनिंगमधली. ईपीएफची पेन्शन कमीत कमी हजार, २०१४ पासून तेवढीच, आणि आम्ही त्या तळाशीच. आम्ही फंडाच्या पैशाचं सोनं घेतलं होतं. भाव पुढे वाढला, खोटं कशाला बोलू. पण बीपीच्या गोळ्या दर महिन्याला लागतात आणि सोनं दर महिन्याला विकता येत नाही. विकायला गेलं की सराफ घट धरणार, आणि परत येईपर्यंत आळीत चर्चा, ह्यांचं काही बिघडलं का म्हणून. तुमचं वाचून कुणी पेन्शन नसलेला वेढणी घ्यायला निघू नये, एवढंच.

रजतनगरीकर
खामगावचाच आहे, चांदीच्या शुद्धतेबद्दल आमच्या गावाचं नाव आहे. तरी सांगतो, शुद्धता वेगळी, भाव वेगळा. २०११ च्या एप्रिलात चांदी किलोमागे सत्तर हजारांच्या वर गेली. तेव्हा रांगा लावून घेणारे मी पाहिलेत. २०१५ अखेर भाव पस्तीस हजारांच्या आसपास, आणि पुन्हा सत्तरी दिसली २०२० ला. तुमच्या ५८ मध्ये नऊ वर्षं मिळवा गुरुजी.

काळी_कसदार
बरं, चांदी रद्द. १५ लाखांचं खातं याच आठवड्यात उघडतो. सोनं मात्र घेणार, कमी घेईन. लॉकरमध्ये ठेवीन.

वऱ्हाडी_गडी
लॉकर चोरीले गेलं तं बँक भाड्याच्या शंभरपटीवर देत नाही, थे बी वार्षिक भाड्याच्या. भाडं दोन हजार अशीन तं दोन लाख धरा. अन् गुरुजी, पतसंस्थेच्या तीन लाखाचं काय झालं मंग?

काळी_कसदार
अवसायक नेमलाय, म्हणजे संस्था गुंडाळून देणी फेडणारा अधिकारी. दोन वर्षांत एक पत्र आलं, त्यात माझं नाव चुकलेलं.