ऑथ-सर्व्हरमध्ये आयपीच द्या

पासवर्ड बरोबर असूनही एन्जिनएक्सच्या (वेब आणि मेल प्रॉक्सी सॉफ्टवेअर) आयमॅप प्रॉक्सीवर, म्हणजे मेल वाचायची जोडणी मागच्या मेल सर्व्हरकडे नेणाऱ्या मध्यस्थावर, लॉगिन होताच 'इंटर्नल सर्व्हर एरर' येते, असं एकाने विचारलंय. सर्टिफिकेट बदलून पाहा असं कुणी सुचवलंय, तसं करू नका, आधी एरर लॉगमध्ये 'इनव्हॅलिड सर्व्हर ॲड्रेस' दिसतंय का ते बघा. तुमची ऑथ स्क्रिप्ट (पासवर्ड तपासून कुठल्या मेल सर्व्हरकडे जायचं ते एन्जिनएक्सला सांगणारी) उत्तरात जे 'ऑथ-सर्व्हर' हेडर पाठवते, त्यात होस्टनेम चालत नाही, आयपीच लागतो. वेब प्रॉक्सीत नाव चालतं, म्हणून इथेही चालेल असं सगळ्यांनाच वाटतं. 'ऑथ-पोर्ट', म्हणजे त्या सर्व्हरचा पोर्ट नंबरही द्यायलाच हवा. पासवर्ड चुकला तरी स्क्रिप्टने उत्तर एचटीटीपीच्या 200 (ठीक) कोडनेच द्यायचं, नकार 'ऑथ-स्टेटस' हेडरमध्ये लिहायचा. ही स्क्रिप्ट बाहेरून उघडी ठेवू नका, पासवर्ड तिच्याकडे हेडरमधून उघडाच जातो.

एसएमटीपीचं (मेल पाठवण्याचं) प्रकरण जरा वेगळं. तिथे एन्जिनएक्सचं 'एक्सक्लायंट' (खऱ्या क्लायंटचा आयपी मागच्या सर्व्हरला कळवणारी कमांड) मुळातच चालू असतं, तेव्हा मागच्या पोस्टफिक्स मेल सर्व्हरमध्ये 'एसएमटीपीडी_ऑथराइज्ड_एक्सक्लायंट_होस्ट्स'ला प्रॉक्सीचा आयपी टाका. कटकट नको म्हणून ते बंद केलंत, तर पोस्टफिक्सला प्रत्येक मेल प्रॉक्सीकडूनच आल्यासारखी दिसते. त्यात तो आयपी पोस्टफिक्सच्या 'मायनेटवर्क्स'मध्ये (विश्वासातल्या आयपींच्या यादीत) असेल आणि एन्जिनएक्समध्ये 'एसएमटीपी_ऑथ नन' (पासवर्डशिवाय प्रवेश) ठेवलं असेल, तर स्पॅमवाल्यांना रान मोकळं.