पंथ सोडल्यानंतर उरलेल्या धार्मिक ग्रंथांचे काय करावे? मदत हवी आहे

सर्वांना नमस्कार. ज्या पंथात मी वयाच्या १९व्या वर्षापासून तब्बल २२ वर्षे मनापासून होते, तो सोडून आता तीन वर्षे झाली आहेत. पंथाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण माझी आई आणि थोरली बहीण अजून तिथेच आहेत, आणि माझा प्रश्न त्या एका पंथापुरता आहे असे मला वाटत नाही. सोडण्याच्या निर्णयाबद्दल मनात आता शंका उरलेली नाही. शंका आहे ती घरातल्या सहा खोक्यांबद्दल.

त्या खोक्यांत मूळ धर्मग्रंथ आणि त्यांची भाषांतरे आहेत, वर्षावर्षाचे बांधून घेतलेले मासिकाचे अंक आहेत, अभ्यासवर्गाच्या पुस्तिका आहेत, वाटण्यासाठी छापलेली पत्रके आहेत, ‘केवळ सभासदांसाठी’ असे वर छापलेली परिपत्रके आहेत आणि माझ्या हस्ताक्षरातल्या सुमारे तीस वह्या आहेत. याखेरीज एक ग्रंथ आईने तिच्या दीक्षेच्या दिवशी मला दिलेला आहे. त्याच्या पहिल्या पानावर तिने लिहिले आहे, ‘तुझ्यामुळे मला ही वाट सापडली.’

सर्वांत सोपा मार्ग रद्दीचा, हे मलाही कळते. दोनदा खोकी दारापर्यंत नेली आणि दोनदा परत आणली. ग्रंथ जमिनीवर ठेवायचा नाही ही सवय हाताला अजून आहे आणि तिची मला लाज वाटत नाही, पण अडचण केवळ तेवढी नाही. जुनी पुस्तके विकणाऱ्याला ती द्यावीत, तर मला माझी स्वतःची सुरुवात आठवते. कुणीतरी बाकावर ठेवून दिलेले चार पानांचे पत्रक मी उचलले, वाचले आणि तिथूनच सारे सुरू झाले. पुढे तशीच पत्रके मी आईच्या आणि ताईच्या हाती दिली. कुणी काय वाचावे हे ठरवण्याचा अधिकार मला नाही, हे मी मानते. तरीही ज्या शिकवणीने माझ्या घराचे दोन भाग केले, ती मी पुन्हा स्वतःच्या हाताने पुढे पाठवावी का, या प्रश्नाला माझे मन ‘नाही’ असेच उत्तर देते.

मग नष्ट का करत नाही, असे कुणीही विचारील. माझ्यासारख्याच बाहेर पडलेल्या एका व्यक्तीने सारे जाळून टाकले आणि त्यानंतर पहिल्यांदा शांत झोप लागली, असे मला सांगितले. मला ते समजते. माझा हात मात्र एका पुस्तिकेपाशी थांबतो. त्या अभ्यासपुस्तिकेच्या जुन्या आवृत्तीत एका घटनेविषयी ठाम भाकीत छापलेले आहे आणि त्याखाली माझ्याच पेन्सिलची रेघ आहे. काही वर्षांनी तीच पुस्तिका पुन्हा छापली गेली. मुखपृष्ठ तेच, प्रकरणांची संख्या तीच, परिच्छेदाची जागासुद्धा तीच. फक्त ‘घडेल’ या शब्दाच्या ठिकाणी ‘घडू शकेल’ असे आले होते. बदल केल्याची नोंद कुठेही नव्हती. मी विचारले तेव्हा मला शांतपणे सांगण्यात आले की, आपण असे कधी शिकवलेलेच नाही, तुमच्या लक्षात चुकीचे राहिले असेल. मी त्यावर विश्वासही ठेवला असता, कारण आपल्या स्मरणशक्तीपेक्षा वडीलधाऱ्यांच्या शब्दावर अधिक विसंबायचे हेच मी इतकी वर्षे शिकले होते. घरी येऊन जुनी प्रत उघडली नसती, तर आजही मी तिथेच असते. म्हणजे ज्या कागदांनी मला बांधून ठेवले, त्यांतल्याच एकाने मला सोडवले. उद्या दुसऱ्या कुणाला असाच प्रश्न पडला आणि जुनी प्रत कुठेच उरलेली नसली, तर त्याने काय करावे?

म्हणून अनुभवी मंडळींना विचारते. असे साहित्य एखादे ग्रंथालय किंवा अभिलेखागार (जुनी कागदपत्रे जपणारी संस्था) स्वीकारते का? माझ्या वह्यांमध्ये इतर सभासदांची नावे आहेत, त्यांनी विश्वासाने सांगितलेल्या घरगुती गोष्टी आहेत; त्यांचे काय करावे? आणि आईने दिलेल्या ग्रंथाबद्दल काय करणे योग्य ठरेल?

प्रतिसाद १

मी बरीच वर्षे ग्रंथालयात तालिकीकरणाचे, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी करण्याचे, काम केले आहे आणि तरुणपणी माझ्या घराण्याचा धर्मही सोडला आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंनी लिहितो. खोकी थेट कुठेही पाठवू नका. आधी यादी करा: शीर्षक, आवृत्ती, मुद्रणवर्ष, भाषा, पृष्ठसंख्या. मूळ धर्मग्रंथांच्या प्रती बहुतेक ठिकाणी पुरेशा असतात, त्यामुळे त्या नाकारल्या जातील. याउलट, आपल्याला किरकोळ वाटणारी पत्रके, परिपत्रके आणि सभांची वेळापत्रके हीच दुर्मीळ असतात, कारण ती वापरून टाकून देण्यासाठीच छापलेली असतात. धर्म-अध्ययनाचा विभाग असलेल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाला ती यादी पाठवून विचारावे.

कैरोच्या बेन एझ्रा सिनेगॉगचे (ज्यू प्रार्थनास्थळाचे) उदाहरण इथे आठवते. ईश्वराचे नाव असलेला जीर्ण कागद नष्ट करायचा नाही, या ज्यू परंपरेमुळे तिथल्या एका कोठडीत शतकानुशतके कागद साठत गेले. सन १८९६-९७मध्ये केंब्रिज विद्यापीठातील अभ्यासक सॉलोमन शेख्टर यांनी त्यांतले सुमारे १,९३,००० तुकडे केंब्रिजला नेले. धर्मग्रंथांच्या पानांबरोबर त्यांत पत्रे, हिशेब आणि विवाहाचे करारही होते, आणि मध्ययुगातील सामान्य माणसांच्या जगण्याविषयी आज जे कळते त्याचा मोठा भाग अशा चिठ्ठ्याचपाट्यांतून आलेला आहे. आपल्या पेन्सिलच्या रेघेचे मोल त्यामुळे कमी लेखू नका.

वह्या देताना लेखी अट घालता येते की, अमुक वर्षे त्या कुणालाही पाहायला देऊ नयेत. अभिलेखागारे अशा अटी मान्य करतात. मात्र ज्या पानांवर इतरांची गुपिते आहेत, ती पाने माझ्या मते बारीक तुकडे करून नष्टच करावीत. ती सांगणाऱ्यांनी आपल्याला सांगितली होती, ग्रंथालयाला नव्हे.

त्या दोन आवृत्त्यांचे मात्र आजच स्कॅनिंग करून घ्या. मुद्रणवर्ष दाखवणाऱ्या पानासह संपूर्ण पुस्तिका किमान ३०० डीपीआयवर (दर इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करावी. फक्त तो एक परिच्छेद ठेवला, तर पुढे कुणी त्यावर विश्वास ठेवणार नाही. स्वतःजवळ प्रत ठेवणे वेगळे आणि ती सर्वांसाठी प्रसिद्ध करणे वेगळे. दुसऱ्या गोष्टीला प्रताधिकाराचा (कॉपीराइटचा) कायदा आड येऊ शकतो. मूळ प्रतींच्या टाचण्या आणि रबरबँड काढून टाका, कारण गंजाने आणि वितळलेल्या रबराने कागद खराब होतो. प्लॅस्टिकच्या पिशवीऐवजी आम्लरहित कागदाचे पाकीट वापरा. स्वस्त पत्रकांचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो आणि त्यातल्या लिग्निन या लाकडातील घटकामुळे तो लवकर पिवळा पडून ठिसूळ होतो, म्हणून ती उजेडापासून दूर ठेवावीत.

उरलेल्या साहित्याच्या कागदाचा पुनर्वापर होऊ द्यावा. त्याआधी पुठ्ठ्याची बांधणी वेगळी करावी लागेल. जाळण्याचा विचार कधी पुन्हा मनात आलाच, तर कृत्रिम चामड्याच्या बांधणीत अनेकदा पीव्हीसी हे प्लॅस्टिक असते आणि जळताना त्यातून घातक वायू निघतो, हे लक्षात असू द्या.

प्रतिसाद २

आईच्या ग्रंथाबद्दल एवढेच सांगते, की तो आईला परत करू नका. माझ्या भावाने तसे केले होते. त्याला वाटले आपण प्रामाणिक वागलो. आईला वाटले त्याने तिलाच परत केले. त्यांच्यातले बोलणे पुन्हा सुरू व्हायला फार वर्षे लागली.

धागाकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री यादीला सुरुवात केली. परिपत्रके ६४ निघाली, आणि त्यांतली कित्येक माझ्याकडे आहेत हेच मी विसरले होते. वह्यांपैकी ११ वह्यांमध्ये इतरांची गुपिते आहेत. ती पाने वेगळी काढली आहेत, आणि तुकडे करण्याआधी एकदाही वाचायची नाहीत असे ठरवले आहे. दोन्ही आवृत्त्या स्कॅन झाल्या. मूळ धर्मग्रंथांच्या छापील प्रती पुनर्वापरासाठी देणार आहे. बांधणी सोडवताना हात थरथरला, पण काम पार पडले.

आईचा ग्रंथ खोक्यातून काढून तिच्या पत्रांशेजारी ठेवला आहे. त्याची मी धर्मग्रंथ म्हणून नोंद करणार नाही. ज्यांनी असे एखादे पुस्तक बरीच वर्षे सांभाळले असेल, त्यांनी पुढे आपल्या मुलांना त्याविषयी काय सांगितले, हे कृपया लिहावे. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे आणि तिने काल ते पान वाचले.