मदत हवी आहे: तिघांनी लावलेला दावा 'बाकीचे ३९ कुठे?' या हरकतीवर पडेल का?

कळवेकरीण

नमस्कार मंडळी. इथे कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेले बरेच जण आहेत, म्हणून विचारते.

कळव्यात आमची दोन विंगची इमारत, ४२ फ्लॅट. सोसायटी अजून रजिस्टर नाही. बिल्डर 'करू, करू' म्हणत राहिला, आम्हीही ढिले पडलो. मंजूर नकाशात मागची मोकळी जागा आरजी, म्हणजे खेळायला-फिरायला राखीव, दाखवली आहे. तिथे बिल्डरने पत्रे ठोकून कुलूप लावलं आणि बाहेरच्या टेम्पोवाल्यांना जागा भाड्याने दिली. मुलं आता जिन्यात क्रिकेट खेळतात. मीटरच्या पेटीची काच दोनदा गेली!

आम्ही तिघांनी ठाण्याच्या दिवाणी कोर्टात मनाई हुकमाचा दावा लावला. त्यात 'वादी व इतर रहिवासी' असं मोघम लिहिलं गेलंय. आता बिल्डरची कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, आली: बाकीचे ३९ जण पक्षकार नाहीत, सगळ्यांच्या वतीने बोलायला 'ऑर्डर वन रूल एट'ची परवानगी नाही, आणि मूळ जमीनमालकही दाव्यात नाही, सबब दावा फेटाळावा. कोर्टाने वादाचे मुद्दे अजून काढलेले नाहीत. आमचे वकील म्हणतात, पुढच्या तारखेला बघू.

त्यात दुसऱ्या मजल्यावरचे काका, म्हणजे वादी क्रमांक दोन, यांना बिल्डरने एक पार्किंग देऊ केलंय. 'मी आपला सही करून मोकळा होतो' असं ते म्हणतात. दावा काढून घेऊन नव्याने लावावा का?

निशाणी पाच

ताई, काढून घेऊ नका. मी ठाण्यातच वकिली करतो. कागद बघितलेले नाहीत, तेवढं धरून वाचा.

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधला आदेश १, नियम ९ स्पष्ट आहे: पक्षकार कमी किंवा जास्त झाले एवढ्याने दावा पडत नाही. अपवाद फक्त आवश्यक पक्षकाराचा, म्हणजे ज्याच्याशिवाय परिणामकारक हुकूमच देता येत नाही तो. तुमचे ३९ शेजारी तसे नाहीत. रहिवासी म्हणून तुमचा स्वतःचा हक्क अडवला गेलाय, त्यासाठी तुम्ही तिघंच काय, एकट्याही दावा लावू शकता. नियम ८, म्हणजे बिल्डर म्हणतोय तो 'रूल एट', वापरायची मुभा आहे, सक्ती नाही.

खरी घाण 'व इतर रहिवासी' या तीन शब्दांत आहे. एक तर दावादुरुस्तीने ते काढून फक्त आपल्यापुरतं बोला, नाहीतर नियम ८ ची परवानगी रीतसर मागा. दावा लावल्यावरही ती मागता येते. १९७६ च्या दुरुस्तीनंतर सगळ्यांचं दाव्याचं कारण एकच असावं असंही नाही, हितसंबंध समान हवा. तमिळनाडू गृहनिर्माण मंडळ विरुद्ध गणपती हा सर्वोच्च न्यायालयाचा १९९० चा निकाल वकिलांना दाखवा. तिथेही वसाहतीतल्या गाळेधारकांच्या वतीने लावलेला दावा चालतो असं ठरलं.

परवानगी मिळाली की सगळ्यांना नोटीस, तुमच्या खर्चाने. ३९ घरं एकाच इमारतीत आहेत, तेव्हा पेपरात जाहिरात देण्यापेक्षा दारोदार बजावणीच होईल असं वाटतं. पण ठरवणार कोर्ट.

जमीनमालकाची हरकत मात्र हसण्यावारी नेऊ नका. जागेच्या मालकीबद्दल काहीही मागितलं असेल, तर त्याला पक्षकार करून घ्यायला नियम १०(२) खाली लगेच अर्ज द्या. नवा प्रतिवादी ज्या दिवशी दाखल होतो, त्याच्यापुरता दावा मुदत कायद्याच्या कलम २१ प्रमाणे त्या दिवशीचा धरतात. चूक प्रामाणिक असेल तर कोर्ट मागची तारीख देऊ शकतं, पण त्या भरवशावर बसू नका.

खारीगावचा

एवढं करण्यापेक्षा सोसायटी रजिस्टर करून घ्या ना. बिल्डर सही करत नसला तरी उपनिबंधकाकडे जाता येतं. सोसायटी स्वतःच्या नावाने दावा लावते, मग ३९ चा प्रश्नच मिटला.

निशाणी पाच

बरोबर, तेही सुरू कराच. पण तोवर टेम्पो हलणार नाहीत.

कळवेकरीण

काकांचं काय? आणि एक धास्ती आहे. नियम ८ ने गेलो आणि हरलो तर?

निशाणी पाच

हरलात तर निकाल सगळ्या ४२ जणांवर बंधनकारक. नोटीस त्याचसाठी असते, ज्याला हवं त्याने येऊन पक्षकार व्हावं. शेजाऱ्यांना हे आधीच सांगा, नंतर शिव्या खाण्यापेक्षा बरं.

काका आज, साध्या दाव्यातही, तुमच्या दोघांच्या संमतीशिवाय माघार घेऊ शकत नाहीत, आदेश २३, नियम १(५). फारच अडले तर त्यांना प्रतिवादी करून घ्या. दावा प्रातिनिधिक, म्हणजे नियम ८ खाली सगळ्यांच्या वतीने, झाला की कोर्टाच्या परवानगीशिवाय आणि सगळ्यांना नोटीस गेल्याशिवाय तडजोडच होत नाही. बिल्डरचं पार्किंग तिथेच अडकतं.

कळवेकरीण

हे काकांना वाचून दाखवलं. 'म्हणजे माझं पार्किंग गेलं?' एवढंच विचारलं त्यांनी. रविवारी गच्चीवर सगळ्यांना बोलावलंय. मूळ करारनाम्यात जमीनमालकाची सही आहे की नुसती बिल्डरची, ते आज शोधते आणि इथे टाकते.