शब्दचर्चा : ‘ऑफ-लीश’साठी मराठी शब्द : मोकाट, मोकळा की हाकेतला?

चर्चाप्रस्ताव (सनीव्हेलहून)

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचे कार्मेल-बाय-द-सी हे जेमतेम तीन-साडेतीन हजार वस्तीचे गाव कुत्रा पाळणाऱ्या कुटुंबांना चांगले परिचयाचे आहे. गावाचा मुख्य रस्ता असलेला ओशन अव्हेन्यू जिथे संपतो, तिथल्या पांढऱ्या वाळूच्या किनाऱ्यावर कुत्र्याला साखळी काढून, म्हणजेच इंग्रजीत ‘ऑफ-लीश’, हिंडू देण्याची मुभा आहे. सॅन होजेच्या आसपास राहणारी आमच्यासारखी अनेक मराठी कुटुंबे सुट्टीच्या दिवशी सुमारे सव्वाशे किलोमीटरचा प्रवास करून मुले, आजी-आजोबा आणि कुत्रा असा सगळा लवाजमा घेऊन तिथे जातात. घरात बोलणे मराठीत होते, मात्र कुत्र्याचा विषय निघाला की निम्मे शब्द इंग्रजी येतात, आणि जे मराठी शब्द येतात ते अनेकदा नको तो अर्थ घेऊन येतात.

या खेपेला साताऱ्याहून आलेल्या सासूबाई आमच्यासोबत होत्या. किनाऱ्यावरची पाटी वाचून माझ्या मुलीने त्यांना सांगितले, “आजी, इथे कुत्रे मोकाट सोडतात.” त्यावर त्या लगेच म्हणाल्या, “मोकाट म्हणजे ज्याला धनी नाही ते. याला तर तुम्ही एवढे चौघं धनी आहात.” चर्चा सुरू करण्याचे कारण त्यांचा हा आक्षेप आहे, आणि तो मला पूर्णपणे पटला आहे.

पाटीवर काय सांगायचे असते, ते आधी पाहू. कार्मेलच्या किनाऱ्यावर साखळी काढता येते, पण कुत्रा मालकाच्या आवाजाला बांधलेला असला पाहिजे, म्हणजे बोलावताच परत आला पाहिजे, आणि त्याची घाण मालकाने उचलली पाहिजे. तिथून गावाच्या रस्त्यावर आले की साखळी परत लावावी लागते. दक्षिणेला थोड्याच अंतरावर असलेल्या कार्मेल रिव्हर स्टेट बीचवर कुत्रा नेता येतो, पण साखळी लावूनच. त्याच्या पुढे पॉइंट लोबोस हे राखीव क्षेत्र लागते, आणि तिथे कुत्र्याला प्रवेशच नाही. मोटारीने दहा मिनिटांत पार होणाऱ्या पट्ट्यात असे तीन वेगवेगळे नियम आहेत. कुटुंबातल्या प्रत्येकाला, विशेषतः मुलांना आणि पाहुण्यांना, ते नेमक्या शब्दांत सांगता आले नाहीत तर घोटाळा होतो आणि त्याचा त्रास किनाऱ्यावरच्या पक्ष्यांना आणि इतर माणसांना होतो.

म्हणून मला चार गोष्टींसाठी शब्द हवे आहेत. पहिली म्हणजे हातात धरायची ती दोरी किंवा साखळी. दुसरी, ती काढलेली असतानाची कुत्र्याची अवस्था. तिसरी, आवाजाने त्याच्यावर ठेवलेला ताबा. आणि चौथी, अशा प्रकारे कुत्रे खेळवण्यासाठी राखून ठेवलेली जागा.

प्रतिसाद (सांगलीहून)

पहिल्या शब्दाबद्दल मराठी अजिबात गरीब नाही; उलट इतके शब्द आहेत की त्यांतून निवड करणे अवघड आहे. अडचण अशी की ते सगळे गुरांच्या गोठ्यातून आलेले आहेत आणि प्रत्येकाचे काम ठरलेले आहे. दावे म्हणजे जनावर खुंट्याला बांधून ठेवण्याचा दोर. त्याचे दुसरे टोक जमिनीत असते, माणसाच्या हातात नसते. वेसण नाकातून जाते. लोढणे म्हणजे उनाड गुराच्या गळ्यात अडकवलेला लाकडाचा ओंडका. त्याने जनावराला पळता येत नाही, आणि तिथे माणूस हजर असण्याचीही गरज नसते. कासरा मात्र हाकणाऱ्याच्या हातात असतो. कासरा ढिला सोडला की बैल चालतो, थोडा आवळला की त्याला वळायचे की थांबायचे ते कळते. जाणत्या गड्याला तो ओढावा लागत नाही.

इंग्रजी ‘लीश’चा खरा अर्थ या सगळ्यांत कासऱ्याच्या सर्वांत जवळचा आहे, कारण कुत्र्याला बांधून ठेवणे आणि कुत्र्याबरोबर चालणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत आणि आपल्या भाषेने तो फरक फार पूर्वीपासून पाळला आहे. तरीही कुत्र्यासाठी कासरा हा शब्द सुचवताना मला संकोच वाटतो. कासरा म्हटले की डोळ्यांपुढे बैलाची जोडी आणि औत येते, आणि आजच्या शहरी वाचकाला तो शब्द मुद्दाम ओढूनताणून आणलेला वाटेल. प्रचारात ‘पट्टा’ आहे, पण पट्टा म्हणजे गळ्यातला आणि पट्टा म्हणजे हातातलाही, असा गोंधळ त्यात आहे. ‘पट्टा काढा’ असे म्हटले तर कोणी गळ्यातला पट्टाच काढेल, ज्याच्यावर नाव-पत्त्याचा बिल्ला असतो आणि जो अशा जागी गळ्यात राहणे अत्यंत आवश्यक असते. म्हणून गळ्यातल्यासाठी गळपट्टा आणि हातातल्यासाठी साधा ‘दोरी’ हा शब्द ठेवावा, असे माझे मत आहे. साखळी म्हटले की धातू आलाच, आणि आज बहुतेकांच्या हातात विणलेली पट्टीच असते.

प्रतिसाद (पुण्याहून)

‘मोकाट’वरील आजींचा आक्षेप अगदी योग्य आहे, आणि त्याला सरकारी भाषेचाही आधार आहे. नगरपालिकांच्या जाहिरातींत आणि वर्तमानपत्रांत ‘मोकाट’ हा शब्द मालकाने वाऱ्यावर सोडलेल्या किंवा मालकच नसलेल्या जनावरांसाठी येतो, आणि मोकाट गुरांची वाट कोंडवाड्याकडे जाते. कोंडवाडा ही संस्था आपल्याकडे १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणाविषयीच्या कायद्याने पक्की केली, त्यामुळे मोकाट आणि कोंडवाडा ही जोडी दीडशे वर्षांची आहे. जिथे मोकाट आहे तिथे तक्रार आहे, असा संस्कार त्या शब्दावर झालेला आहे आणि तो आता पुसला जाणार नाही.

‘भटका’ हा शब्दही मला अचूक वाटत नाही. ज्याला आपण भटका कुत्रा म्हणतो तो बहुधा आपली गल्ली, आपला कट्टा आणि आपली माणसे सोडून कुठे जात नाही. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी ‘सामुदायिक प्राणी’ या अर्थाची संज्ञा स्वीकारली, ती याच वास्तवाला धरून आहे. मात्र यांतला कोणताही शब्द प्रस्तावातल्या कुत्र्याला लागू पडत नाही, कारण तो घरचा आहे.

कोणीतरी ‘मुक्तसंचार’ सुचवेल म्हणून आधीच लिहून ठेवतो. तो शब्द कानाला भारदस्त वाटतो, पण वर्तमानपत्रांनी त्याची पार दशा करून टाकली आहे. ‘बिबट्याचा मुक्तसंचार, नागरिक भयभीत’ अशा मथळ्यांनंतर ‘मुक्तसंचार श्वानक्षेत्र’ अशी पाटी दिसली तर लहान मुलांना घेऊन आलेले आई-वडील तिथूनच माघारी फिरतील. ‘मोकळा’ हा शब्द मला बरा वाटतो. मोकळ्या केसांत, मोकळ्या मनात, मोकळ्या हवेत कुठेही बेजबाबदारपणा नाही. ‘दोरी सोडून मोकळा’ असे म्हटले की अर्थ पोहोचतो.

प्रस्तावकाचे उत्तर (सनीव्हेलहून)

दोन्ही प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. ‘दोरी’ आणि ‘मोकळा’ हे दोन्ही शब्द मी स्वीकारतो. पण ‘मोकळा’ने अर्धेच काम होते असे मला वाटते, आणि उरलेल्या अर्ध्याचा मी थोडा विस्ताराने विचार करू इच्छितो, कारण माझ्या मते या संपूर्ण विषयाचे मर्म तिथेच आहे.

कार्मेलच्या वाळूवर पाऊल ठेवल्यावर काय होते, ते सांगतो. दोरीची कडी काढली की आमचा टिप्या क्षणभर तसाच उभा राहतो, मागे वळून कोण कोण आहे ते पाहून घेतो आणि मग पाण्याच्या दिशेने सुसाट सुटतो. वाटेत दुसरा कुत्रा भेटला की दोघे एकमेकांना गोल फिरून हुंगतात. मग एकजण पुढचे पाय वाळूत पसरून छाती टेकवतो, मागचा भाग उंच धरतो, आणि खेळ सुरू होतो. इथपर्यंत सगळे ‘मोकळे’ आहे. खरी परीक्षा त्यानंतर असते. समोरून एखादे लहान मूल हातात खाऊ घेऊन येते, किंवा घोडनदीच्या काठावर टिटव्या दिसाव्यात तसे पाण्याच्या कडेने पळणारे छोटे पक्षी दिसतात, आणि त्या नेमक्या क्षणी नाव घेऊन बोलावले असता कुत्रा खेळ टाकून परत आला, तरच त्याला मोकळे सोडण्याचा आपल्याला अधिकार आहे.

या गोष्टीला ‘आवाजी नियंत्रण’ असे काही म्हणण्याची मुळीच गरज नाही. मराठीत ‘हाक’ आहे, ‘हाकेच्या अंतरावर’ आहे आणि ‘हाकेला ओ देणे’ आहे. हाक आणि हाकणे यांचे नाते जवळचे असल्यामुळे बोलावणे आणि वळवणे हे दोन्ही अर्थ तिच्यात आपसूक येतात. म्हणून दोरी सोडलेल्या पण ताब्यात असलेल्या कुत्र्याला मी ‘हाकेतला कुत्रा’ म्हणेन. ‘हाकेबाहेर गेला’ म्हटले की नियम मोडला हे लहान मुलालाही कळते. ‘मोकळा’ हा शब्द केवळ कुत्र्याविषयी बोलतो, तर ‘हाकेतला’ म्हटल्यावर हाक मारणारे माणूसही वाक्यात येते, आणि जबाबदारी त्याचीच असते.

यात एक व्यवहाराची बाबही आहे. समुद्रावर वारा आणि लाटांचा आवाज इतका असतो की घराच्या अंगणात शंभर पावलांवर ऐकू जाणारी हाक तिथे तीसेक पावलांवरच विरून जाते. वारा आपल्याकडून कुत्र्याकडे वाहत असेल तर हाक पोहोचते, उलटा असेल तर पोहोचत नाही. शेतकरी लांबच्या माणसाला हाक न मारता हाळी देतो, स्वर लांबवून आणि उंचावून, त्यामागे हेच कारण आहे. किनाऱ्यावर आम्ही शिट्टी वापरतो, पण मुलीला मात्र आजीने हाळी शिकवली आहे आणि टिप्या तिला ओ देतो.

प्रतिसाद (फ्रीमाँटहून)

‘हाकेतला’ हा शब्द मला अतिशय आवडला. कार्मेल व्हॅलीतल्या गार्लंड रँच या डोंगराळ उद्यानात आम्ही कुटुंबासह जातो. तिथेही मोठ्या भागात हाकेतले कुत्रे दोरीविना नेता येतात. त्या जागेसाठी लागणारे आणखी दोन शब्द इथे नोंदवतो, कारण ते आपल्याकडे आयते आहेत आणि तरीही आपली मंडळी इंग्रजी शब्दांसाठी अडखळतात.

पहिला शब्द कुसळ. कॅलिफोर्नियात वसंत संपून गवत वाळले की त्याची टोकदार कुसळे कुत्र्यांच्या जिवावर उठतात. कुसळाला सूक्ष्म, मागे वळलेले काटे असतात, त्यामुळे ते फक्त पुढेच सरकते, मागे येत नाही. बोटांच्या बेचक्यात, कानात किंवा नाकपुडीत शिरले तर ते आत आत जात राहते, आणि मग भूल देऊन काढावे लागते. कुत्रा अचानक सलग शिंकू लागला, सारखे डोके झटकू लागला किंवा एकच पंजा चाटत बसला तर प्रथम कुसळाचा संशय घ्यावा. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ ज्या म्हणीत आहे, त्या म्हणीतलेच हे कुसळ. माणदेशात मेंढ्या राखणाऱ्याला ते समजावून सांगावे लागणार नाही.

दुसरा शब्द गोचीड. इथल्या काही गोचिड्यांमधून लाइम रोग पसरतो, म्हणून घरी आल्यावर कानामागे, काखेत आणि गळपट्ट्याखाली हात फिरवून पाहणे आवश्यक आहे. ‘गोचिडीसारखा चिकटला’ असे आपण सर्रास म्हणतो, पण कुत्र्याच्या अंगावर ती दिसली की ‘टिक’ म्हणतो, हे मला खटकते.

जागेच्या नावाबद्दल माझे मत वेगळे आहे. बर्कलीत १९७९ साली ओलोनी उद्यानात कुत्र्यांसाठी राखीव जागा झाली आणि ती अमेरिकेतली अशा प्रकारची पहिली जागा मानली जाते. तेव्हापासून अशा कुंपण घातलेल्या जागा गावोगावी झाल्या. कार्मेलजवळ माँटरेमध्ये एल एस्टेरो येथे तशी जागा आहे, आणि तिथे लहान व मोठ्या कुत्र्यांसाठी वेगवेगळी आवारे आहेत. अशा कुंपणाच्या जागेला ‘श्वानउद्यान’ म्हणण्याची पद्धत पडते आहे, पण त्यात ना फुले असतात ना वाफे. माती, थोडे गवत, पाण्याचे भांडे आणि बाक, एवढेच असते. ‘कुत्र्यांचे मैदान’ हे साधे नाव पुरेसे आहे. ‘कुत्रा’ हा शब्द टाळण्यासाठी ‘श्वान’ वापरण्याची गरज नाही, कारण आपल्या घरात आपण त्याला श्वान म्हणत नाही.

प्रतिसाद (सांगलीहून)

‘मैदान’ला माझा पाठिंबा आहे. मात्र कुंपणाचे मैदान आणि कार्मेलसारखा उघडा किनारा यांत फरक करावा. कुंपणाच्या आत हाकेत नसलेला कुत्राही फार तर आवारातच पळतो. किनाऱ्यावर मात्र त्याच्या आणि मोटारींच्या रस्त्यामध्ये केवळ आपली हाक असते. म्हणून नवख्या कुत्र्याला आधी मैदानात तयार करून मगच किनाऱ्यावर न्यावे, असे मी सुचवेन.

शिवाय कुत्रा आनंदाने धावतो त्याला ‘चौखूर उधळला’ म्हणू नये. खूर गुराला आणि घोड्याला. कुत्र्याला पंजे असतात, आणि उधळण्यात बिथरणे आहे. वासरू, करडू, पोर आणि कुत्र्याचे पिल्लू ही सगळी ‘हुंदडतात’. ‘उंडारतो’ म्हटले की त्यात पुन्हा मोकाटपणाचा वास येतो.

प्रस्तावकाचे उत्तर (सनीव्हेलहून)

‘हुंदडणे’ लगेच वापरात घेतले आहे. आमच्या ओळखीची काही कुटुंबे पुढच्या महिन्यात कार्मेलला जाणार आहेत. त्यांच्यासाठीची सूचना या चर्चेनंतर मी अशी लिहिली आहे : “किनाऱ्यावर कुत्रा हाकेत असेल तरच दोरी काढावी. गळपट्टा आणि त्यावरचा बिल्ला गळ्यात राहू द्यावा. दोरी आणि घाण उचलण्याच्या पिशव्या जवळ ठेवाव्यात. लहान मुलांनी अनोळखी कुत्र्याच्या अंगावर धावून जाऊ नये. त्याच्या मालकाला विचारून, कुत्र्याला आधी आपला हात हुंगू द्यावा. पॉइंट लोबोसला जायचे असल्यास एका मोठ्या माणसाने कुत्र्यासह कार्मेललाच थांबावे.” शेवटच्या वाक्यावर घरात अजून चर्चा चालू आहे, कारण थांबायची तयारी सगळ्यांत आधी सासूबाईंनी दाखवली आहे आणि त्यांना पॉइंट लोबोस दाखवायचेच, असा मुलीचा हट्ट आहे.