निवृत्त होणाऱ्या मॅडमसाठी सर्वांनी मिळून गोधडी शिवायची आहे

प्रश्न (नागपूर)
आमच्या शासकीय कार्यालयातील वरिष्ठ मॅडम ३१ जानेवारीला सेवानिवृत्त होत आहेत. शाल-श्रीफळ कार्यालयातर्फे होईलच. परंतु ज्यांनी त्यांच्या हाताखाली काम शिकले अशा आम्हा २० जणांना त्यांच्यासाठी हाताने शिवलेली गोधडी द्यावी, आणि तीत प्रत्येकाच्या घरच्या सुती कापडाचा एक तुकडा, त्यावर दोऱ्याने भरलेल्या नावासह असावा, असे वाटते. लहानपणी आईबरोबर मी गोधड्या शिवल्या आहेत, पण एवढे मोठे काम स्वतः कधी आखलेले नाही. शिवाय डिसेंबरात अधिवेशनामुळे घरी जायला उशीर होतो. गोधडी किती मोठी ठेवावी आणि आत कापूस भरावा का? एका सहकाऱ्यांनी विचारले आहे की, सत्काराच्या भेटीत वापरलेले कापड देणे बरे दिसेल का. त्याचेही उत्तर मला सुचलेले नाही.

प्रतिसाद (धरमपेठ)
कापूस भरू नका. कापसाने ती रजई होते, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या आपल्या शहरात रजई वर्षातले बरेच महिने पेटीतच राहते. तीन सुती थरांची गोधडी थंडीत चादरीवर घेता येते आणि उन्हाळ्यात पहाटे कूलरचा गारवा बोचू लागला की तीच पुरते.

तुकडे १३ इंची चौकोनी कापा. चहूबाजूंनी अर्धा इंच शिवणीत गेल्यावर प्रत्येक तुकडा १२ इंचांचा उरेल. ४ आडवे आणि ५ उभे असे जोडून भोवती ६ इंचांची किनार लावली की ५ फूट बाय ६ फूट माप होते. साडेपाच मीटरची एक सुती साडी दोन तुकडे करून जोडली की पूर्ण अस्तर निघते, आणि मधल्या थरासाठी तशीच दुसरी साडी पुरेल. अस्तर प्रत्येक बाजूने दोन इंच जास्त ठेवा, म्हणजे शेवटी तेच पुढे दुमडून कडा बंद करता येतील. तिन्ही थर जमिनीवर ताणून अंथरा आणि मधून कडेकडे कच्चे टाके घाला. ही पायरी घाईत उरकली तर पुढे अस्तराला चुण्या पडतात आणि त्या उसवल्याशिवाय निघत नाहीत.

वेळेचा हिशोब आधीच मांडा. तिन्ही थर एकत्र शिवणाऱ्या धावदोऱ्याच्या ओळींत पाऊण इंच अंतर ठेवले तर सुमारे ८० ओळी होतात. माझ्या हाताला सहा फुटांच्या एका ओळीस वीस मिनिटे लागतात, म्हणजे एकटीने शिवल्यास जवळजवळ २७ तास. तुकडे मशीनवर जोडून घ्या, पण धावदोरा मात्र हातानेच घाला.

प्रतिसाद (महाल)
सर्व तुकडे कापण्यापूर्वी धुऊन घ्या, कारण नवे कापड आटते आणि जुने आटत नाही, त्यामुळे पहिल्याच धुण्यात गोधडी ओढली जाते. गडद लाल व निळ्या कापडावर ओला पांढरा रुमाल घासून पाहा. रंग लागला तर तो तुकडा बदलून मागा. नावे पेन्सिलीने लिहून, थर जोडण्यापूर्वीच साखळी टाक्याने भरा. अक्षर निदान एक इंच उंच हवे, नाहीतर जोडाक्षरे दोऱ्याने बुजतात.

प्रतिसाद (इतवारी)
वापरलेल्या कापडाविषयी माझे मत स्पष्ट आहे. आपल्याकडे नवजात बाळाचे दुपटे आजीच्या जुन्या लुगड्याचे शिवतात, कारण अनेकदा धुतलेले सूत कोवळ्या अंगाला टोचत नाही. ज्या घरात हे ठाऊक आहे तिथे त्याला कोणी उष्टे कापड म्हणत नाही. तरीही आपल्या सहकाऱ्यांच्या मनाला रुखरुख नको, म्हणून अस्तर आणि किनार गांधीबागेतून नवी आणा. विरलेले किंवा डाग पडलेले कापड मात्र कोणाचेही घेऊ नका.

मूळ प्रश्नकर्ती
सर्वांचे मनापासून आभार. अस्तर-किनार नवी आणि तुकडे घरचे, हे सहकाऱ्यांनाही पटले. मॅडमच्या मुलीला विश्वासात घेतले, तेव्हा तिने मधल्या थरासाठी आजीचे नागपुरी काठाचे लुगडे देऊ केले आहे. ते घ्यावे का?

प्रतिसाद (इतवारी)
ताई, ते घेऊ नका. आईच्या लुगड्याला कात्री लावायची की नाही, हे मॅडमनीच ठरवायचे. मधल्या थराला कोणतीही मऊ सुती साडी चालेल.